वहीच्या कडेला लिहिलेलं ‘पुणे’

वाचकाचं पत्र

काकाजी, सादर नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावचा. शेती चार एकर, कोरडवाहू. दोन वर्षांपूर्वी बँकेचं कर्ज काढून लाकडी घाणा टाकला. शेंगदाणा, जवस, तीळ, करडई काढतो. तेलाला कोणी नाव ठेवत नाही, पण घेणारेच कमी. शेंगदाण्याचं तेल मी 320 रुपये लिटर देतो. किराण्यात सोयाबीनचा पुडा त्याच्या निम्म्यात येते. लोक म्हणतात, ‘भाऊ, तेल खाऊ का कर्ज फेडू?’

मागच्या उन्हाळ्यात मोबाइलवर मार्केटिंगचा एक कोर्स केला. त्यात ‘कस्टमर सेगमेंटेशन’ शिकवलं. वय, शिक्षण, उत्पन्न, आवडनिवड यावरून गिऱ्हाइकांचे गट पाडायचे. मी फॉर्म छापले. उत्पन्नाच्या रकान्यात एकानं लिहिलं, ‘देवाला माहीत’. दुसऱ्यानं विचारलं, ‘हे अनुदानाचं हाय का?’ मग फेसबुकवर साडेतीन हजारांची जाहिरात केली. नऊशे लाइक आले, कोल्हापूर-जळगावचे. गिऱ्हाईक एकही वाढलं नाही. अजून पंधराशे रुपये त्या खात्यात पडून आहेत. बायको म्हणते, जाहिरात सोडा आणि आठवडी बाजारात दुकान लावा. मला लाज नाही वाटत, पण मी बाजारात बसलो तर घाणा कोण चालवणार?

सोबत वहीच्या पानांचे फोटो पाठवतो. गट कसे पाडू आणि जाहिरात कुठे करू, एवढं सांगा.

एक घाणेवाला


उत्तर

भाऊ,

‘देवाला माहीत’ वाचून आधी हसलो. मग वाटलं, तुमच्या सगळ्या फॉर्मांत खरं उत्तर याच माणसानं दिलंय. कोरडवाहू कास्तकाराला त्याचं वर्षाचं उत्पन्न विचारणं म्हणजे आभाळाला विचारणं. सोयाबीन विकलं की दिवाळीच्या तोंडावर त्याच्या हाती रोकड असते. कापसाचा चुकारा आला की जरा बरे दिवस. तुरीचे पैसे मार्चपर्यंत पुरले तर पुरले. जूनमध्ये सगळं बियाणं-खतात जातं आणि आखाडात तोच माणूस किराण्याच्या वहीत नाव लिहून मीठ नेतो. सांगा, याला कोणत्या गटात टाकता? दिवाळीतला तो, का आखाडातला? तो रकाना पगारदारांसाठी आखलेला होता, तुम्ही तो आपल्या गावात आणून लावला.

कोर्सवाल्यांनी खोटं सांगितलं असं मात्र नाही, अर्धं सांगितलं. बाजार एकसारखा नसतो, त्याचे भाग पाडून विचार करावा, ही मांडणी वेंडेल स्मिथ या अमेरिकी अभ्यासकानं 1956 साली एका लेखात केली. त्यानंतर आठच वर्षांनी, 1964 मध्ये, डॅनियल यँकेलोविच यांनी लिहिलं की नुसत्या वय-उत्पन्नावर भागणार नाही. माणूस वस्तू कशासाठी घेतो, त्याला तिच्यात काय मोलाचं वाटतं, त्यावरून भाग पाडा. तुमच्या कोर्समध्ये 1956 शिकवलं आणि 1964 राहून गेलं, असं दिसतं.

मी स्वतः हे ठेच लागून शिकलो. उमेदीची वर्षं मी साबण-चहाचा माल घेऊन यवतमाळ-वर्धा भागात फिरलो. एका कंपनीनं आम्हाला गावांची यादी दिली होती, लोकसंख्येप्रमाणे. मोठं गाव ‘अ’, मधलं ‘ब’, लहान ‘क’. ‘अ’ गावाला दर आठवड्याला जायचं, ‘क’ला महिन्यातून एकदा. मी इमानदारीत तसं केलं आणि वर्षभर शिव्या खाल्ल्या. कारण यादीतलं एक मोठं गाव माल उचलतच नव्हतं, आणि त्याच्या चौथाईएवढ्या गावात दुकानदार माझी वाट पाहत बसायचा. त्या लहान गावात आठवडी बाजार भरायचा, शेजारी जिनिंग होती आणि हप्त्याची मजुरी त्याच दिवशी वाटली जायची. सात-आठ गावांचे लोक तिथं येऊन साबण नेत. यादीनं माणसं मोजली होती. पैसा कोणत्या दिवशी कोणत्या चौकात हातात येतो, हे मोजायला तिच्यात जागाच नव्हती.

तर फॉर्म बाजूला ठेवा. त्यापेक्षा लाखमोलाची चीज तुमच्यापाशी आहे, ती म्हणजे तुमची वही. तिचे फोटो मी दोन रात्री बसून वाचले. अक्षर जरा सांभाळून काढत जा, ‘जवस’ आणि ‘जवळ’ यात मी बराच वेळ घालवला. पण नोंदी चांगल्या आहेत. तारीख आहे, माल आहे, आणि कडेला तुम्ही स्वतःपुरतं जे काही खरडलंय ते तर फारच कामाचं आहे.

एकूण 164 नावं. टपालानं माल विकणारे जुने व्यापारी गिऱ्हाइकाला तीन प्रश्न लावत: शेवटचा कधी आला, किती वेळा आला, किती रुपयांचा नेला. मीही तसंच केलं. पहिल्या झटक्यात 52 नावं अशी निघाली की जी वर्षात एकदाच दिसतात. म्हटलं, झालं, एवढी माणसं तुटली. मग तारखा पाहिल्या. त्यातली 31 नावं 1 जून ते 20 जूनच्या मधली. सगळ्यांनी शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल नेलंय, दोन-तीन लिटर, आणि भावाची खळखळ केल्याची एकही नोंद नाही. भाऊ, ही माणसं तुटलेली नाहीत. हे लोणचं आहे! वर्षभराची बरणी बुरसली तर घरात वर्षभर बोलणी खावी लागतात, म्हणून जी बाई एरवी पुड्यातल्या तेलात भाजी फोडणीला टाकते, ती लोणच्यासाठी तुमच्या दारात येते. ती वर्षातून एकदाच येणार आणि दरवर्षी येणार. तिला जानेवारीत ‘खास सवलत’ कळवून काय उपयोग? तिला निरोप मेच्या तिसऱ्या आठवड्यात गेला पाहिजे, कैऱ्या उतरवायच्या आधी.

आणि इथं तुमची एक चूकही वहीनंच दाखवली. जूनच्या मधोमध चार दिवस ‘बंद – पेरणी’ असं लिहिलंय. वर्षातला सर्वांत चांगला गिऱ्हाईक दारात यायची वेळ आणि दाराला कुलूप. पेरणी तर थांबवता येत नाही, कळतं मला. पण लोणच्याचं तेल मेमध्येच काढून, निथळून, भरून ठेवता येतं. तुम्ही वावरात असाल तर घरचं कोणीही ते देऊ शकतं.

आता ‘पुणे’.

वहीच्या कडेला अकरा नावांपुढे तुम्ही ‘पुणे’ किंवा नुसतं ‘पु.’ लिहिलंय, एका ठिकाणी ‘नागपूर, लेक’. का लिहिलं ते तुम्हालाही आठवणार नाही कदाचित. बहुतेक कॅन घट्ट बांधून द्यायचा म्हणून खूण केली असावी. या अकरा घरांनी गेल्या वर्षी 26 वेळा तेल नेलं, बहुतेक वेळा पाच-पाच लिटर. म्हणजे 130 लिटरच्या आसपास, 41,600 रुपये. गावातली जी चाळीस घरं अधूनमधून अर्धा-पाऊण लिटर नेतात, त्यांची सगळ्यांची मिळून बेरीज मी शंभर लिटरला धरली. अकरा घरं चाळिसांना भारी पडली, आणि तुम्ही पत्रात त्यांचा उल्लेखही केला नाही.

तेल नेते आई. खातात सून आणि नातवंडं, हडपसरच्या नाहीतर हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये. पैसे देतो मुलगा. सात ठिकाणी तुम्हीच लिहिलंय, ‘फोनपे, मुलाकडून’. एका कॅनमागे तीन माणसं, आणि तिघांचं दुखणं वेगवेगळं. तुमचा फॉर्म आईनं भरला असता तर तुम्ही तिला ‘वय साठ, शिक्षण चौथी, उत्पन्न नाही’ अशा रकान्यात टाकून विसरून गेला असता.

आईची काळजी एकच, ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत कॅन फुटू नये. एकदा कोणाचं तेल तुरीच्या डाळीच्या पोत्यात सांडलं की ती गोष्ट पोळ्यापर्यंत गावात फिरते. तेव्हा आतून सील असलेलं झाकण घ्या, वरून जाड पन्नी, आणि कॅन रद्दीत गुंडाळून खोक्यात. काही गाड्यांवर तेलाचं पार्सल घेत नाहीत, ते आधी विचारून ठेवा आणि जो घेतो त्याच्याशी पक्कं करा. मग आईला सांगता येईल, ‘मावशी, तुम्ही डाळ-तिखट-वड्या इकडं आणून द्या, पूर्ण खोकं मी बांधतो आणि संध्याकाळच्या गाडीवर चढवून देतो.’ त्याचे पन्नास रुपये घ्या. फुकट करू नका, फुकट कामाला लोक वेळेवर येत नाहीत.

सुनेला पाच लिटरचा कॅन नको असतो. तिच्या ओट्यावर जागा नसते आणि तेलावर तारीख नसली की तिला शंका येते. तिच्यासाठी पाच लिटरच्या ऐवजी पाच बाटल्या, प्रत्येकीवर काढल्याची तारीख आणि गावाचं नाव मोठ्या अक्षरात. तुमची खरी जाहिरात तीच बाटली. तिची शेजारीण विचारते, ‘हे कुठून आणता?’ आणि बाटलीवर तुमचा नंबर असतो. मुलाला काय हवं? खोकं गाडीत चढल्याचा फोटो आणि गाडीचा नंबर. एवढ्यावर तो लगेच पैसे टाकतो, आईला ‘देते रे बाबा नंतर’ म्हणायची वेळ येत नाही.

या खोक्यांच्या मुख्य वेळा दोन: दिवाळीआधीचे दहा दिवस, आणि मे महिन्याचा शेवट, जेव्हा नातवंडं सुट्टी संपवून परत निघतात. तुमच्या 26 नोंदींपैकी निम्म्याहून जास्त याच दोन वेळांच्या आहेत.

इथं थोडं थांबून त्या लोकांकडे वळतो ज्यांना तुम्ही, माझ्या अंदाजानं, कटकट समजता. 38 नावांपुढे ‘घाणा’ लिहिलंय. घरचा जवस, घरचे दाणे घेऊन येतात, किलोमागे काढणावळ देतात, ढेप (तेल काढून उरलेली पेंड) कोणी नेतं, कोणी तुमच्याकडेच ठेवतं. एका ठिकाणी तुम्ही चिडून लिहिलंय, ‘4 किलोसाठी घाणा!’ बरोबर आहे, बारा-पंधरा किलोच्या घाण्यात चार किलो टाकून लाट (घाण्यातला लाकडी दांडा) नुसती फिरते. दुसऱ्याच्या मालात मिसळा म्हटलं तर कोणी ऐकत नाही, कारण तो आलाच मुळात स्वतःच्या दाण्याचं तेल स्वतःच्या डोळ्यानं पाहायला. ही माणसं तेलाची गिऱ्हाइकं नाहीतच. ती भरवशाची गिऱ्हाइकं आहेत.

त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक, वार ठरवा. जवस एका वारी, शेंगदाणा एका वारी, म्हणजे लाट पुसत बसावं लागणार नाही. दुसरी, कमीत कमी दहा किलो, आणि ते साफ सांगा. चार किलोवाली जाऊबाईला सोबत आणेल, दोघींचा जवस एकाच वावरातला असला की मिसळायला हरकत नसते. जवस निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा या 38 जणांना आधीच वार सांगून ठेवा. आणि दीड तास तो माणूस तिथं बसणार, तर बसायला बाकडं ठेवा, पाण्याचा माठ ठेवा. त्याला सांगा की ताजं तेल गढूळ दिसतं, दोन-तीन दिवस निथळू द्या, मग वरचं काढा. हे न सांगितल्यानं किती जण ‘घाण्याचं तेल खराब’ म्हणत फिरले असतील, त्याची नोंद कोणत्याच वहीत नसते. बाकड्यावर बसलेला हाच माणूस पारावर तुमच्याबद्दल बोलणार आहे, आणि त्याचं बोलणं तुमच्या नऊशे लाइकांपेक्षा लांब जातं.

ढेपवाल्यांबद्दल फार सांगायला नको. 23 नावं (घाण्यावरचेही नऊ जण ढेप नेतात, ते मी तिथंच मोजले). म्हशीवाला माणूस वक्तशीर असतो, कारण म्हैस थांबत नाही. त्यांच्याशी उधारी करायची असेल तर दुधाच्या पगाराच्या तारखेला धरून करा, सोयाबीनवर ढकलू नका. आणि ढेप ओलसर जागी ठेवू नका, बुरशी लागते.

उरले ते चाळीस, अधूनमधून येणारे. यांच्या तारखा आणि तुमच्या गावाजवळच्या बाजाराचा वार एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. ते बहुतेक बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येतात, म्हणजे आदल्या दिवशी हातात आलेल्या मजुरीतून काही उरलं तर. यांना एक लिटरची बाटली दाखवणं म्हणजे त्यांना परत पाठवणं. शाम्पूचा धंदा कसा बदलला ते आठवा. 1983 साली तमिळनाडूतून ‘चिक’ची छोटी पुडी निघाली, आणि ज्या घरांनी शाम्पूची बाटली कधी विकत घेतली नसती त्यांनीही शाम्पू वापरून पाहिला. त्या दिवशी खिशात जेवढे पैसे असतील तेवढ्यात बसेल, असं ते माप होतं. तुम्ही जवसाचं तेल शंभर मिलीच्या बाटलीत द्या. गोळाभातावर, खिचडीवर, ठेच्यावर कच्चं घालायला तेवढं हप्ताभर पुरतं. जवसाचं तेल लवकर खवट होतं, तेव्हा छोटी बाटली तशीही त्याच्या भल्याची. गडद रंगाची मिळाली तर बरी. शेंगदाण्याचं मात्र छोट्या बाटलीत भरू नका. तळणाचं तेल शंभर मिली नेऊन करायचं काय?

राहिली 21 नावं. हे खरोखरच एकदा येऊन गेले. वहीत त्यांच्यापुढे बहुतेक ठिकाणी ‘भाव’ एवढंच आहे. त्यांचा नाद सोडा. त्यांच्यात एक आचारी आहे, भाव विचारून गेलाय. लग्नाला-रोडग्याला पिपे लागतात त्याला, तो तुमचं तेल घेणार नाही आणि त्यानं घेऊही नये. गिऱ्हाइकांचे गट पाडण्यात सगळ्यांत अवघड काम हेच असतं, कोणाच्या मागे लागायचं नाही ते ठरवणं. पत्रात तुम्ही ज्याचं वाक्य लिहिलंय, ‘तेल खाऊ का कर्ज फेडू’, तोही यांच्यातलाच. त्याचं म्हणणं खरं आहे, आणि त्याला पटवायला जाऊ नका.

पण भाव लपवूही नका. घाण्याच्या दारावर पाटी लावा: ‘अडीच किलो दाणे = साधारण 1 लिटर तेल’. आपल्याकडे दाण्याचा भाव प्रत्येकाच्या तोंडपाठ असतो. माणूस उभ्या उभ्या गुणाकार करतो आणि स्वतःच म्हणतो, हे तर बरोबर आहे. शिवाय लिटर आणि किलो यांचा घोळ तुमच्याही वहीत आहे. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. पाटीवर लिटर असेल तर लिटरच द्या, पुड्याशी तुलना करणाऱ्याला पुड्यावरचं वजनही वाचायला सांगा, हल्ली सगळे पुडे किलोचे नसतात.

जाताजाता कायद्याचं, कारण तुमच्या एका फोटोत मला नळ लावलेला पिपा आणि मापं दिसली. राज्य सरकारनं सूट दिली नसेल तर खाद्यतेल खुलं विकायला 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. माल बंद बाटलीत, त्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर, बॅच, तारीख, निव्वळ माप, तुमचा पत्ता. आणि बाटलीवर ‘हार्टला चांगलं’, ‘शुगर कमी’ असलं काही छापू नका. एक तर ते तुम्ही सिद्ध करू शकत नाही, दुसरं म्हणजे वाचणारा त्यावर औषध बंद करून बसतो. तेल टिकवण्याबद्दल काही अडलं तर वर्धा काही फार लांब नाही. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते, आणि संघाचं काम ज्या मगनवाडीतून चालायचं तिथंच बैलघाण्याच्या सुधारणेवर मेहनत घेतली गेली. त्याच जागी आज ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था आहे. एक चक्कर मारून या. तुमच्या घाण्याचे आजोबा तिथले आहेत, असं म्हणायला हरकत नाही.

आता तुमच्या दोन प्रश्नांकडे. त्यातला बाजाराचा आधी, कारण त्यात घरचा मामला आहे.

तुम्ही विचारता, बाजारात बसलो तर घाणा कोण चालवणार. मी वहीत बाजाराच्या वाराला काय होतं ते मोजलं. मागच्या अकरा महिन्यांत त्या वारी घाण्यावर फक्त सहा नोंदी आहेत. साहजिक आहे, त्या दिवशी सगळं गाव बाजारात असतं. तुम्ही रिकाम्या गावात घाणा राखत बसता, आणि वैनींना हे वही न वाचताच दिसलं. त्यांचं ऐका.

फक्त बाजारात बाटल्यांची रांग लावून बसू नका. कापडाच्या दुकानांकडची गर्दीची जागा तुमच्या कामाची नाही, मिरची-धने-ज्वारीवाल्यांच्या ओळीत जागा धरा. तिथं येणारा माणूस घरातल्या डब्यांचा हिशेब डोक्यात घेऊन येतो. समोर एका ताटात भाकरीचे तुकडे, मिरचीचा ठेचा, आणि वरून जवसाच्या तेलाची धार. म्हातारी माणसं आधी थांबतील, त्यांना ती चव ओळखीची आहे. मग ती सुनेला हाक मारतील. शंभर मिलीच्या बाटल्या, ढेपेचं एक पोतं, आणि घाण्याचे वार लिहिलेला पुठ्ठा. कोणी म्हणालं ‘घरी सात किलो तीळ पडलाय’, तर तिथंच नाव लिहून घ्या आणि उरलेले तीन किलो कोणाकडे आहेत तेही विचारा.

बाळंतिणीच्या घरी मालिशला जाणारी बाई बाजारात भेटेलच. तिळाचं तेल कोणाकडून आणायचं हे त्या घरात तीच सांगते. तिला एक बाटली द्या, बाकी बोलू नका.

मोबाइलचं म्हणाल, तर व्हॉट्सअॅपचं बिझनेसवालं अॅप फुकट आहे आणि त्यात नंबरांना लेबल लावता येतं. चार लेबलं करा: घाणा, ढेप, पार्सल, लोणचं. प्रत्येकाला त्याच्या वेळीच निरोप, एरवी गप्प. ब्रॉडकास्ट लिस्टचा निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग ते म्हणतात, लोक वाचतच नाहीत. म्हणून गिऱ्हाईक समोर उभं असतानाच, ‘जरा माझा नंबर टाकून ठेवा, घाण्याचा वार कळवतो’ असं म्हणा. ‘शुभ सकाळ’ची फुलं मात्र कोणालाही पाठवू नका, माझ्यावर उपकार होतील.

फेसबुकच्या खात्यातले पंधराशे मेच्या शेवटापर्यंत तसेच राहू द्या. तेव्हा दारव्हा, दिग्रस, नेर एवढ्याच भोवतीचा पंचवीस-तीस किलोमीटरचा घेर निवडा आणि एकच जाहिरात टाका: कैरीचा फोटो, ‘लोणच्याचं तेल काढून तयार आहे’, भाव, गावाचं नाव. आरोग्य, परंपरा, निसर्ग, काही नको. लाइक कमी येतील, येऊ द्या.

आणि उद्यापासून वहीत एक रकाना वाढवा, ‘कोणासाठी’. विचारायचं सहज, बाटली भरता भरता. पुण्याची अकरा घरं तुम्हाला खरडलेल्या खुणांवरून सापडली, न खरडलेली अजून असतील.

त्या आचाऱ्यावरून एक राहिलं. तो पुन्हा भाव विचारायला आला तर त्याला तेलाचा सांगू नका, ढेपेचा सांगा. त्याच्या नावापुढे तुम्ही बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, ‘घरी दोन म्हशी’.